द्राक्षांच्या डोंगराळ देशात, औषधांचा डबा घेऊन

सकाळचे साडेसात वाजले होते. जॉर्जियातल्या तेलावी गावातल्या एका घरगुती मुक्कामाच्या अंगणात आमचा दहा जणांचा गट नाश्त्याला बसला होता. समोर कॉकेशसच्या रांगांवर नुकतंच ऊन पडत होतं. नऊ जण हजर, फक्त साताऱ्याचे काका आले नव्हते. काकू हसत म्हणाल्या, ‘‘रात्रीची उतरली नाही अजून. काहीतरी बरळतायत, झोपू देत त्यांना.’’

काकांना मधुमेह आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ‘बरळतायत’ हा शब्द ऐकून मी चहा तसाच टाकून उठलो. काका पलंगावर बसले होते, कपडे घामानं भिजलेले, हात थरथरत होते आणि मी कोण हे त्यांना नीट उमगत नव्हतं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली तर ती ४६ होती. त्यांना गिळता येत होतं, म्हणून लगेच चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी साखर ६८ झाली, तेव्हा पुन्हा तेवढंच पाणी दिलं. अर्ध्या तासानं काकांनी विचारलं, ‘‘डॉक्टर, तुम्ही इथं कसे?’’

अशा छोट्या गटाच्या सहली आता आपल्याकडे खूप लोकप्रिय झाल्या आहेत. धावतपळत दहा शहरं पाहण्यापेक्षा एकाच प्रदेशात राहावं, तिथलं खावं-प्यावं, लोकांच्या घरी बसून गप्पा माराव्यात, ही कल्पना खरोखर छान आहे. पण या सहलींना जाणाऱ्यांत साठीच्या आसपासचे प्रवासी पुष्कळ असतात आणि त्यांच्या बॅगेत साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या असतात. त्यांच्यासाठी हा लेख.

मातीच्या पोटातली वाइन

जॉर्जिया हा वाइनच्या सर्वांत जुन्या घरांपैकी एक. तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या दोन ठिकाणी उत्खननात मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. त्यांत मुरलेले रासायनिक अंश तपासले तेव्हा टार्टारिक आम्ल मिळालं, म्हणजे द्राक्षांची खूण. ही भांडी सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

तिथली पारंपरिक वाइन ‘क्वेव्री’त बनते. क्वेव्री म्हणजे अंड्याच्या आकाराचा भलामोठा मातीचा रांजण. आतून त्याला मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो आणि तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. जमिनीच्या गारव्यामुळे आतलं तापमान फारसं वरखाली होत नाही. कखेती भागात पांढरी द्राक्षंसुद्धा साल, बिया आणि देठांसकट आत टाकतात. द्राक्षांच्या सालीवरचं यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. पुढे पाच-सहा महिने सालीसोबत मुरल्यामुळे वाइनला मधासारखा गडद रंग येतो आणि चवीला तुरटपणा. या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आम्ही गेलो तेव्हा द्राक्षतोडणीचा हंगाम होता. यजमानांनी आम्हाला तळघर दाखवलं, पण रांजणाच्या तोंडावर कुणालाही वाकू दिलं नाही. कारण पक्कं आहे. आंबताना जेवढं अल्कोहोल तयार होतं, जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यानं खोलगट जागी साचतो. आपल्याकडे धान्याच्या पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरलेली माणसं गुदमरतात, तोच हा प्रकार. दिवा विझला नाही म्हणजे हवा चांगली, या जुन्या परीक्षेवरही विसंबू नये. दिवा जळत असतानाही हा वायू घातक प्रमाणात असू शकतो.

त्या रात्री नेमकं काय झालं?

काकांनी फार पिऊन धिंगाणा घातला होता असं मुळीच नाही. दुपारभर त्यांनी हौसेनं द्राक्षं तोडली, उन्हात चढ-उतार केली. संध्याकाळी तळघरात ‘चाचा’चे दोन छोटे पेले घेतले. चाचा म्हणजे वाइन काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून गाळलेली कडक दारू. जेवण साडेआठला सुरू झालं, पण गोळी मात्र त्यांनी नेहमीच्या वेळी, सात वाजताच घेतली होती. जेवताना वाइनचे चार पेले झाले. आणि ‘साखर वाढायला नको’ म्हणून त्यांनी पाव, बटाटा, द्राक्षं सगळं टाळून फक्त चीज आणि अक्रोड घातलेली वांगी खाल्ली.

आता शरीराच्या बाजूनं पाहू. रात्री आपण जेवत नसतो तेव्हा रक्तातली साखर टिकवण्याचं काम यकृत करतं. आधी ते साठवलेली साखर सोडतं आणि ती कमी पडू लागली की नवी साखर बनवतं. अल्कोहोल आलं की यकृत ते पचवण्याच्या मागे लागतं आणि त्या रासायनिक धावपळीत नवी साखर बनवण्याचं काम मंदावतं. काकांचा साठा दिवसभराच्या श्रमानं आधीच कमी झालेला होता. त्यात त्यांची गोळी सल्फोनिलयुरिया गटातली. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण झालेलं असो वा नसो. श्रम, कमी पिष्टमय अन्न, अल्कोहोल आणि गोळी असे चारही घटक एकाच रात्री एकत्र आले.

यातली सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे वेळ. साखर लगेच नव्हे, तर कित्येक तासांनी, पहाटे किंवा सकाळी घसरते. आणि लक्षणं दारू चढल्यासारखीच असतात : घाम, थरथर, अडखळतं बोलणं, गोंधळ, चिडचिड. घरच्यांना वाटतं, झोपला की उतरेल. काकूंची यात काहीच चूक नव्हती. पण म्हणूनच नियम सोपा ठेवा : मधुमेही माणूस प्यायल्यानंतर विचित्र वागला तर आधी साखर तपासा. यंत्र हाताशी नसेल तर साखर कमी झाली असं समजून उपचार करा.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. नंतर पाव किंवा भात खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि मदत बोलवा. जॉर्जियात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे. सल्फोनिलयुरियाच्या गोळीचा परिणाम बराच काळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून काकांना बरं वाटल्यावरही आम्ही त्यांना रुग्णालयात नेलं आणि दिवसभर देखरेखीखाली ठेवलं.

पेल्यांचा हिशेब

वाइनच्या १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पन्नास टक्क्यांच्या चाचाच्या ४५ मिलिलिटरमध्ये त्याहून जास्त, सुमारे १८ ग्रॅम. पेला छोटा दिसतो, म्हणून फसगत होते. आपलं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्यानं अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. काकांच्या सहा पेल्यांचा हिशेब केला तर त्यांचं यकृत पहाट उलटून गेली तरी कामातच होतं.

‘पण वाइन हृदयाला चांगली असते ना?’ हा प्रश्न प्रत्येक सहलीत येतो. सालीसोबत मुरलेल्या वाइनमध्ये पॉलिफेनॉल जास्त असतात हे खरं. पण ती मिळवण्यासाठी अल्कोहोल पिण्याची गरज नाही. अक्रोड, डाळिंब, द्राक्षं खाऊनही ती मिळतात. अल्कोहोल हे कर्करोगकारक असल्याचं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८८ मध्येच जाहीर केलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं की सुरक्षित म्हणता येईल असं प्रमाणच नाही. जो पीत नाही त्यानं प्रकृतीसाठी सुरू करू नये आणि जो पितो त्यानं औषध समजून पिऊ नये.

ताटातलं काय घ्यावं

जॉर्जियाचं जेवण आपल्याला परकं वाटत नाही. तिथं पावाला ‘पुरी’ म्हणतात आणि तो तंदूरसारख्या मातीच्या भट्टीत भाजतात. मसाल्यात धणे, लसूण, आपल्या मेथीच्या जातीची निळ्या फुलांची मेथी आणि चक्क वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या असतात. राजमा शिजवून घोटलेला ‘लोबिओ’, पालक-अक्रोडाची ‘फखाली’, आंबट आलुबुखाराची चटणी यांवर शाकाहारी माणूसही आनंदात राहतो.

जपायचं ते मिठाला. चीज भरलेली ‘खाचापुरी’ चविष्ट असते, पण तिथली चीज मिठाच्या पाण्यात ठेवलेली असतात. शिवाय ‘बोर्जोमी’ हे प्रसिद्ध खनिजयुक्त पाणी पचनाला बरं म्हणून लोक बाटल्यांवर बाटल्या पितात. त्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तहान साध्या पाण्यानंच भागवावी. अक्रोडाच्या माळा द्राक्षरसात बुडवून वाळवलेली ‘चुर्चखेला’ मात्र मधुमेह्यांनीही खिशात ठेवावी. रोज खाण्यासाठी नव्हे, तर जेवण लांबलं तेव्हा आधाराला. साखर घसरलीच तर मात्र चुर्चखेलाचा उपयोग नाही, कारण अक्रोडातल्या तेलामुळे तिच्यातली साखर हळूहळू चढते. त्या वेळी साखरेचं पाणीच हवं.

निघण्यापूर्वी

आपल्या डॉक्टरांना सहलीचा दिनक्रम दाखवा आणि विचारा : जेवण उशिरा झालं तर गोळी कधी घ्यायची? वेळेचा फरक दीड तासाचाच आहे, खरा गोंधळ जेवणाच्या वेळांनी होतो. औषधं, इन्सुलिन आणि साखर मोजायचं यंत्र विमानात सोबतच्या बॅगेत ठेवा, कारण सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. आणि आजार लपवू नका. गटातल्या किमान एका माणसाला, सहलीच्या मार्गदर्शकाला आणि खोलीतल्या जोडीदाराला, साखर घसरल्यावर काय करायचं हे ठाऊक हवं.

‘सुप्रा’ म्हणजे तिथली पंगत. तिचा प्रमुख ‘तमादा’ एकामागून एक शुभेच्छा देतो : देशासाठी, पूर्वजांसाठी, मुलांसाठी. प्रत्येक शुभेच्छेला पेला उंचावायचा असतो. नाही म्हटलं तर यजमानांचा अपमान होईल, अशी धास्ती आपल्या माणसांना वाटते. चौथ्या दिवशी सिघनाघीजवळच्या एका घरी पुन्हा सुप्रा होती. जेवणाआधी मीच काकांच्या संमतीनं तमादाला त्यांची गोष्ट सांगितली. त्यानं काकांच्या पेल्यात साधं पाणी ओतलं, त्यांच्या पुढ्यात पावाची टोपली सरकवली आणि तिसऱ्या शुभेच्छेची पाळी त्यांना दिली.

काका उभे राहिले. मराठीतच बोलले, मार्गदर्शक भाषांतर करत गेला. त्यांनी पेला उचलला तो काकूंसाठी. काकूंनी डोळे पुसले आणि त्यांना आधी दोन घास खायला लावले.