बरं वाटणं मोजताना : लेखांक 9
दुपारनंतरचं पाणी

आज शय्याव्रणाचा धोका मोजणारा ब्रेडनचा तक्ता घ्यायचा ठरला होता. तो पुढच्या आठवड्यात घेऊ. सेनगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्याला आधी उत्तर द्यायला हवं.

त्यांच्या आईच्या मांडीचं हाड मोडलंय, पायाला वजन लावलंय. सिस्टर दर पाळीला विचारतात, “आजी, शून्य ते दहात किती दुखतंय?” आजी म्हणतात, “चार आणे राहिलंय बघा.” सिस्टर अडीच लिहून मोकळ्या होतात. वाचकांचा प्रश्न : हे चालतं का?

उत्तम चालतं. काल बारा आणे म्हणणारी बाई आज चार आणे म्हणते, तेव्हा तिनं नेमकं मोजूनच सांगितलेलं असतं. उलट शून्य ते दहात अकराच पायऱ्या, रुपयाच्या सोळा आण्यांत शून्य धरून सतरा. अट एकच : कालचं आणि आजचं माप एकाच मोजपट्टीवर हवं.

पण पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आलीय : ‘दुपारनंतर आई पाण्याला शिवत नाही.’ माझं लक्ष तिथं अडकलं.

हाडांच्या वॉर्डात हे जुनं दुखणं आहे. सून दुपारच्या एसटीनं गावी परत जाते. घरी जनावरं, पोरं. रात्री उशाशी मुलगा. आई मुलाला बेडपॅन मागत नाही, मरण आलं तरी मागणार नाही. मग ती पाणीच बंद करते. रुग्ण हिंगोलीहून नांदेडला हलवला की सुनेची फेरी आणखी विरळ होते आणि तांब्या आणखी उशिरा रिकामा होतो. केसपेपरवर मात्र दुखणं अडीच, नाडी ठीक, रुग्ण आरामात.

गेल्या आठवड्यातला, परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक कोलकाबाबाईंचा, रुग्णाला बरं वाटणं मोजणारा बारा घरांचा तक्ता पुन्हा काढा. दुखण्याचा आकडा त्यातलं शरीराच्या ओळीतलं एक घर भरतो. आजींची अडचण आहे नात्यागोत्याच्या आणि भोवतालच्या ओळीत : सून नाही, पडदा नाही, समोरच्या खाटेवर परक्यांचे नातेवाईक. खिळून पडलेल्या रुग्णांसाठी कोलकाबांची वेगळी प्रश्नावली आहे. तुर्की परिचारिकांनी 2015 मध्ये ती आपल्या भाषेत पारखून घेतली. विधानं 20, उत्तराच्या पायऱ्या 6. एकाच आकड्यावर भागत नाही, म्हणून तर हा खटाटोप.

पाणी तोडण्याची किंमत मोठी असते. माणूस पडून राहिला की हाडांतलं कॅल्शियम झिजून लघवीवाटे जाऊ लागतं. त्यात पाणी कमी, म्हणजे खड्यांना आमंत्रण. शिवाय लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता. कुंथताना सगळं अंग ताठ होतं आणि मोडलेली मांडी ठणकते. पाणी मोजून ठेवणाऱ्यांनीही फसू नये. दिवसाची बेरीज बरी दिसते, कारण सगळं पाणी सकाळीच पोटात गेलेलं असतं. बेरजेपेक्षा वेळेचा रकाना वाचा.

उपाय साधे आहेत. एक कड बुटकी असलेलं चपटं बेडपॅन मागा. ते हाडांच्या रुग्णांसाठीच असतं. डोक्यावरची दांडी धरून, चांगल्या पायावर जोर देऊन रुग्णानं कंबर उचलायची आणि भांडं चांगल्या पायाच्या बाजूनं सरकवायचं. हे करताना लावलेलं वजन कोणी हातानं उचलून धरू नये. ते लोंबतंच राहिलं पाहिजे. फिरता पडदा मागायला संकोच नको. रात्रपाळीच्या मावशींची ओळख सुनेनं निघण्यापूर्वी करून द्यावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पाणी किती ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि सिस्टरांनी “पाणी पिता ना?” असं विचारू नये. त्याला “हो” हेच उत्तर येतं. विचारायचं ते असं : “आजी, रात्री लघवीला लागली तर कोणाला हाक मारणार?” आजी गप्प राहिल्या, तर अडीचचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी माणसाची सोय बघा.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, जिथं कुठं तुम्ही ड्यूटीवर असाल तिथं हा एक प्रश्न आठवडाभर विचारून बघा आणि काय उत्तरं आली ते मला कळवा. नावं नकोत, उत्तरं पुरेत.