वितळतं, पण मिसळत नाही

पावसाळ्यात मुंबईतल्या वेसाव्याच्या वाळूवर भरती कुठवर आली होती, ते प्लास्टिकची रांगच सांगते. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह यांनी इथली सफाई सुरू केली. 2016 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' सन्मान मिळाला आणि मार्च 2018 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं याच किनाऱ्यावरून समुद्रात गेली. ही गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे. गोळा केलेल्या ढिगाचं पुढे काय करायचं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

ढिगात काय असतं? डोल जाळ्याचं पॉलिथिलीन, दोरांचं पॉलिप्रॉपिलीन, बारीक जाळ्यांचं नायलॉन, बाटल्यांचं पेट. पाण्याच्या टाकीत टाकलं की नायलॉन आणि पेट बुडतात, उरलेली दोन तरंगतात. ही दोन्ही निव्वळ कार्बन-हायड्रोजनची, जवळची भावंडंच. तरी वितळवून ढवळली तर एकजीव होत नाहीत. छोटे रेणू सहज मिसळतात, कारण मिसळल्याने त्यांच्या मांडणीच्या शक्यता खूप वाढतात. हजारो दुव्यांच्या साखळीच्या वाट्याला ही मोकळीक फार कमी येते, त्यामुळे किंचित नावडही वेगळं व्हायला पुरते. फ्लोरी आणि हगिन्स यांनी 1940 च्या दशकात हे गणित मांडलं.

मग हा माल वितळवून ढवळणाऱ्या यंत्रात होतं काय? एक प्लास्टिक दुसऱ्यात थेंबांच्या रूपाने पसरतं. प्रवाह थेंब ताणतो, पृष्ठताण त्याला गोल राखू बघतो. 1930 च्या दशकात जी. आय. टेलर यांनी हा झगडा अभ्यासला. पुढे ग्रेस यांच्या 1982 च्या निबंधातून दिसलं, की थेंबाची चिकटाई भोवतालच्या द्रवाच्या साधारण चौपटीहून जास्त असेल, तर निव्वळ घासणीच्या प्रवाहात तो फुटतच नाही, नुसता गरगरत राहतो. ताणणारा प्रवाह मात्र त्यालाही फोडतो. असल्या आडमुठ्या द्रवांचं प्रवाहशास्त्र आपल्याला परकं नाही. रघुनाथ माशेलकरांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच प्रांतात नाव कमावलं.

वेसाव्याच्या मालाची खरी अडचण ऊन आहे. उन्हात पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात. वितळल्यावर ते पातळ होतं आणि चिकटाईचं गुणोत्तर बदलतं. महिनाभर वाळूत पडलेला दोर आणि वर्षभर पडलेला दोर एकाच कृतीने चालवता येत नाहीत. तुटलेल्या आखूड साखळ्या घन अवस्थेतही सहज रांगेत बसतात. स्फटिकांचं प्रमाण वाढतं आणि दोर हातात चुरडतो.

थंड होतानाचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. स्फटिक बनायला बहुतेकदा धुळीचा किंवा उत्प्रेरकाच्या अवशेषाचा कण लागतो. माल सलग असेल तर मोजके कण पुरतात. तोच माल असंख्य सूक्ष्म थेंबांत वाटला, की बहुतेक थेंबांच्या वाट्याला कणच येत नाही. एरवी 110-120 अंशांच्या आसपास गोठणारं पॉलिप्रॉपिलीन मग कितीतरी अंश खाली जाईपर्यंत द्रवच राहतं. नायलॉन-6 ची तऱ्हा निराळी: ते झटकन थंड केलं तर स्फटिकांच्या गॅमा रूपाकडे झुकतं, सावकाश केलं तर अल्फाकडे. शिवाय प्रत्येक घटक आपापल्या वेळी आकसतो. सीमेवर फट पडते आणि तडा तिथूनच जातो.

नायलॉन-पॉलिप्रॉपिलीनच्या सीमेवर उपाय आहे: मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडंसं घातलं, तर ते नायलॉनच्या अमाइन टोकांशी बंध जुळवतं. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन या दोन भावंडांसाठी कोट्स आणि बेट्स यांच्या गटांनी 2017 मध्ये दोहोंचे तुकडे आलटून पालटून जोडलेली साखळी दाखवली. ती अगदी थोडी घातली तरी ठिसूळ मिश्रण चिवट होतं. तरी अशी मात्रा चालायला आत काय किती आहे ते आधी माहीत हवं. म्हणून किनाऱ्यावर दोर वेगळे, जाळी वेगळी बांधणाऱ्याच्या कामाची किंमत मी यंत्रापेक्षा जास्त लावतो. त्याला मजुरी मात्र सगळ्यात कमी मिळते.