पिकअप घेण्याआधी तिच्या कॉम्प्युटरला विचारा

आज गाडीविषयी बोलू या, तेही जुन्या गाडीविषयी. भाजी, दूध नाहीतर मसाला बाजारात न्यायला आपल्या गटाची स्वतःची पिकअप असावी, असे हल्ली बऱ्याच गटांना वाटते. नवी परवडत नाही म्हणून जुनी बघतात. आम्हीही बघितली. त्यात आमचे चार लाख रुपये बुडता बुडता राहिले, म्हणून हे सांगणे.

आमची भाजी पाटणकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते. टेम्पोचे भाडे दिल्यावर हातात काय उरते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. गटाची बचत आणि बँकेचे कर्ज मिळून चार लाख जमले, ठराव झाला, आणि एका दलालाकडे २०२१ सालची डिझेल पिकअप पसंत पडली. मीटरवर ४२,००० किलोमीटर, रंग चकचकीत, सीटला नवे कव्हर. अध्यक्ष काकूंनी तर नारळ कुठे फोडायचा तेही ठरवले. दहा हजार रुपये इसार दिला.

शंका आली ती कोषाध्यक्ष ताईंना. क्लचच्या पेडलचे रबर पार गुळगुळीत झाले होते. त्या म्हणाल्या, "बेचाळीस हजारात एवढं झिजतं का गं?" आम्हा कुणालाच सांगता येईना. मग काकूंची लेक, जी आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकते, ती म्हणाली, "आई, मीटर मागं करता येतं. गाडीच्या कॉम्प्युटरला विचारू."

आता हा कॉम्प्युटर म्हणजे काय? अलीकडच्या गाडीत इंजिनाला किती डिझेल द्यायचे, कधी द्यायचे, हे एक छोटी पेटी ठरवते. मेकॅनिक तिला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ च्याच गाड्या विकायचा नियम झाला, त्या सगळ्यांत ही पेटी असतेच. काही बिघडले तर ती समोरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लावते आणि बिघाडाचा एक कोड लिहून ठेवते. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात बोटभर यंत्र खोचले की ब्लूटूथने मोबाइलवर हे लिखाण दिसते. यंत्र हजार-दोन हजारात येते, त्याहून स्वस्तही मिळते, पण अगदी स्वस्तातली नकली फार निघतात.

ही युक्ती महागड्या स्पोर्ट्स गाड्यांच्या बाजारात फार जुनी आहे. पोर्शे नावाची जर्मन गाडी आहे. ती जुनी घेणारा माणूस आधी कॉम्प्युटरचा कागद मागतो. तिच्या बऱ्याच मॉडेलांत इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरले याची नोंद सहा पायऱ्यांत होते, आणि शेवटचे कधी फिरले तेही इंजिनाच्या तासांत लिहिलेले असते. मोजणी असते ती सिलिंडरमधल्या ठिणग्यांची. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर एका सेकंदात चारशे ठिणग्या पडतात. त्यामुळे खालच्या पायऱ्यांवर हजाराचा आकडा दिसला तरी जाणकार दचकत नाही. वरच्या पायऱ्यांवर थोडेसे जरी दिसले तरी मात्र तो हात आखडता घेतो.

का, ते आपल्या घाटावरून कळेल. ड्रायव्हरने कितीही अॅक्सिलरेटर दाबला तरी एका मर्यादेला कॉम्प्युटर स्वतःच डिझेल तोडतो, इंजिन पुढे पळत नाही. पण भरलेली गाडी उतारावर जोरात असताना चौथ्यातून चुकून दुसऱ्या गिअरमध्ये पडली, तर इंजिनाला डिझेल फिरवत नाही, चाके फिरवतात. तिथे कॉम्प्युटरचे काही चालत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात, बेअरिंग जाऊ शकते. गाडी त्या दिवशी बंद पडेलच असे नाही. दुखणे आत राहते आणि पुढच्या मालकाच्या पदरात पडते. (ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने ड्रायव्हर सांगतात ते उगीच नाही.)

आपल्या पिकअपमध्ये पोर्शेसारखा सहा पायऱ्यांचा कागद आपल्या छोट्या यंत्रावर मिळत नाही. पण जे मिळते तेही कमी नाही. पी ०२१९ हा कोड म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरले. पी ०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापले. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतो. पी २४६३ म्हणजे धुराच्या नळीतल्या गाळणीत काजळी साठली. ही गाळणी बदलायला निघालात तर म्हशीची किंमत लागते, म्हणून हा कोड हसण्यावारी नेऊ नका. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही असते, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. समजा पी ०२१७ च्या जोडीला वेग २२, फेरे ३,८००, पाण्याचे तापमान ११८ असे दिसले, तर समजायचे की खालच्या गिअरमध्ये, ओझ्याने, चढावर गाडीला पिळून काढले होते.

तुम्ही म्हणाल, दलाल एवढा साधा आहे का? तो कोड पुसून टाकेल. टाकतोच. एक बटण दाबले की सगळे कोड आणि फ्रीझ फ्रेम जातात. पण पुसल्याची खूण राहते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि इंजिन किती वेळा गार होऊन पुन्हा गरम झाले, हे बहुतेक गाड्यांत वेगळे मोजले जाते. शिवाय कॉम्प्युटर स्वतःच्या काही तपासण्या करत असतो, त्या पुसल्यावर "अपूर्ण" दिसू लागतात आणि गाडी नीट चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत.

आमच्या त्या चकचकीत पिकअपमध्ये कोड एकही नव्हता. काकू खूश झाल्या. लेकीने पुढचे पान उघडले: कोड पुसल्यापासून १४ किलोमीटर. दलाल म्हणाला, कालच बॅटरी बदलली. हे खरेही असू शकते. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत ही मोजणी शून्यावर जाते. भांडून उपयोग नव्हता. आम्ही एवढेच म्हटले, "दादा, डिझेल आमचं. चिपळूणपर्यंत जाऊन येऊ, तुमचा माणूस बरोबर द्या." कुरकुरत तयार झाला. येताना घाट चढून आलो. पिवळा दिवा लागला नव्हता, पण यंत्रावर "प्रलंबित" म्हणून पी ०२९९ उमटला होता. बिघाड पहिल्यांदा दिसला की बरेचदा दिवा लागत नाही, नोंद मात्र होते. म्हणून गाडी पळवून आल्यावर पुन्हा बघायचे, ते या प्रलंबित पानासाठी.

मग आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांच्या मोठ्या स्कॅनरवर इंजिन एकूण किती तास चालले ते दिसले: ३,९०० तास. लेकीने वहीत भागाकार केला. बेचाळीस हजार भागिले तीन हजार नऊशे, म्हणजे सरासरी वेग ताशी ११ किलोमीटरसुद्धा नाही. आमच्या भागातली भाजीची गाडी, घाट धरूनही, पंचवीस-तीसची सरासरी काढते. त्या हिशेबाने ही गाडी लाखाच्या पुढे फिरलेली असणार. एकट्या या भागाकारावर कुणाला चोर ठरवू नका. इंजिन चालू ठेवून तासन् तास उभी राहणारी गाडी असेल तर सरासरी खरोखरच कमी येते. पण गुळगुळीत रबर, १४ किलोमीटर, पी ०२९९ आणि हा भागाकार, चारही एकाच बाजूला बोट दाखवत होते.

सौदा मोडला. इसारातले सात हजार परत मिळाले, तीन हजार "फिरवाफिरवीचे" म्हणून कापले. इसार पावतीवर "कॉम्प्युटर तपासणी समाधानकारक न आल्यास पूर्ण परत" एवढी ओळ लिहून घ्यायला हवी होती. ती चूक आमची.

दोन महिन्यांनी एका शेतकऱ्याची पिकअप बघितली. मीटरवर ८६,०००. काकूंनी नाक मुरडले. पण इंजिनाचे तास ३,०००, म्हणजे सरासरी २८ च्या पुढे. कोड शेवटचे पुसले त्याला ११,००० किलोमीटर झालेले, आणि त्या तारखेचे गॅरेजचे बिल त्यांनी डब्यातून काढून दाखवले. प्रलंबित पान कोरे. रंग उडालेला, एक दार चेपलेले. तीच घेतली.

यंत्र लावायच्या आधी किल्ली फक्त चालूपर्यंत फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि दलालाने आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघू नका. बॉनेटला हात लावून गार आहे ना ते पाहा. गार इंजिन सुरू होताना काय आवाज करते, किती धूर टाकते, ते कुठल्याच कोडमध्ये नसते. विकणारा यंत्र लावूच देत नसेल तर चहा पिऊन उठा. आणि कागद विसरू नका: आरसीवर बँकेचा बोजा आहे का, पासिंग कधीपर्यंत आहे. बोजा असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०.

आमचे यंत्र आता ग्रामसंघाच्या कपाटात असते. शेजारच्या गटांना हवे असेल तर वहीत नोंद करून, शंभर रुपये अनामत ठेवून न्यावे. मोबाइलवर कसे जोडायचे ते काकूंची लेक रविवारी दाखवते, बाकीचे दिवस तिचे कॉलेज असते.