अपूर्णांकी व ऋण घातांकांची समीकरणे : मुळांचा पडताळा

अपूर्णांकी अथवा ऋण घातांकाचे समीकरण सोडविताना उभय बाजूंचा व्यस्त घात घेणे ही सर्वपरिचित रीत होय. परंतु तीत खरे मूळ निसटण्याचा आणि मिथ्या मूळ शिरण्याचा असा दुहेरी धोका असतो.

रत्नागिरीकडील एखाद्या खडकाळ वहाळाचे उदाहरण घेऊ. वेग व, उतार उ, खडबडीतपणाचा गुणांक न आणि जलीय त्रिज्या (काटछेदाचे क्षेत्रफळ भागिले भिजलेली परिमिती) क्ष मानल्यास, रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावे रूढ असलेल्या सूत्रानुसार एकसमान प्रवाहासाठी उ = न² × व² × क्ष^(−४/३). न = ०.०४, उ = ०.०१ आणि वेग सेकंदास १.६ मीटर धरल्यास

क्ष^(−४/३) = (०.८)^(−४).

उभय बाजूंचा −३/४ घात घेता क्ष = ०.५१२ मीटर मिळते. तथापि घातांकाचा अंश सम असल्याने −०.५१२ हेही या समीकरणाचे मूळ आहे. त्रिज्या ऋण नसते म्हणून आपण ते वगळतो; अर्थात वगळण्याचे कारण भौतिक आहे, बैजिक नव्हे.

याउलट क्ष^(−३/२) = −८ याचा वर्ग केल्यास क्ष = १/४ येते; परंतु ही किंमत घातल्यास डावी बाजू +८ होते. म्हणजे वास्तव संख्यांत उकलच नाही.

सारांश, घातांक अतिसंक्षिप्त रूपात मांडून अंश सम असल्यास दोन्ही चिन्हे विचारात घ्यावीत, छेद सम असल्यास पडताळा पाहावा, आणि घातांक ऋण असल्यास क्ष = ० वर्ज्य मानावे.