आधीं अंधार, मग उजेड

दिवाळीच्या सुटींत मुलांनीं अंगणांत रचलेला मातीचा किल्ला ज्यानें पाहिला नाहीं, असा महाराष्ट्रीय मनुष्य विरळाच. त्या किल्ल्याचा दरवाजा चार अंगुळें उंच असतो, आणि त्यापुढें पहारा करणारा मावळा सहा अंगुळें. विहिरीवर पाणी भरणारी बाई बुरुजाच्या खांद्यास लागते, आणि तटावर बसविलेला वाघ तर अर्धा बालेकिल्ला व्यापतो. ह्या विसंगतीबद्दल मुलांस कोणी रागें भरत नाहीं, आणि भरूंही नये. कारण त्या किल्ल्याची शोभा मापांत नसून उत्साहांत असते. परंतु ह्याच मुलांपैकीं एखादा थोडा मोठा होतो, आणि एके दिवशीं त्याच्या मनांत येतें कीं, मावळा जर एवढा, तर दरवाजा केवढा असावयास हवा? हा प्रश्न ज्या दिवशीं पडतो, त्या दिवशीं खेळांतून विद्येचा आरंभ होतो. ह्या मापाच्या विद्येची एक शाखा आपल्या घरांतून फारशी परिचित नाहीं. तिची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आजचा आमचा मानस आहे.

ही शाखा म्हणजे विज्ञानकथांतील काल्पनिक आकाशनौकांच्या प्रतिकृति जुळविणें, त्या आंतून उजळणें व बाहेरून रंगविणें. अमेरिका, जपान इत्यादि देशांतील कंपन्या ह्या नौकांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग संच करून विकतात. भाग कापावे, घासावे, चिकटवावे. इतकें केलें कीं आकार उभा राहतो. पण तेवढ्यानें काम झालें असें नाहीं. तोंवर तें करड्या प्लॅस्टिकचें एक खेळणेंच असतें. त्यास जहाजाचें भव्यपण येतें तें खिडक्यांतून डोकावणाऱ्या उजेडानें व अंगावरील रंगानें. हें कसें साधतें तें एका प्रसिद्ध नौकेच्या उदाहरणानें सांगणें सोयीचें होईल.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणीवरील कथामाला ८ सप्टेंबर १९६६ रोजीं सुरू झाली व १९६९ सालीं संपली. तींतील 'एंटरप्राइझ' नांवाच्या नौकेचें रेखाटन मॅट जेफरीज ह्या कलावंतानें केलें. पुढें मोठी तबकडी, तिच्याखालीं लांबट धड, आणि मागें दोन खांबांवर तोललेलीं दोन लांब इंजिनें, असें तिचें रूप आहे. छायाचित्रणासाठीं तिची अकरा फुटांहून किंचित् अधिक लांबीची प्रतिकृति १९६४ सालीं कॅलिफोर्नियांतील बरबँक येथील एका कार्यशाळेंत लाकूड, प्लॅस्टिक व पत्रा वापरून घडविण्यांत आली. प्रथम तींत दिवे नव्हतेच. ते मागाहून बसविले गेले. इंजिनांच्या पुढील घुमटांत नाताळच्या माळेंतल्यासारखे लुकलुकणारे दिवे व त्यांपुढें फिरणारीं पातीं घातलीं, तेव्हां त्या जड लाकडास जणूं प्राण आला. मौज अशी कीं, दिव्यांच्या तारा नौकेच्या डाव्या अंगानें बाहेर काढलेल्या होत्या. त्यामुळें तें अंग अपुरेंच राहिलें, आणि छायाचित्रण उजव्या बाजूनें करावें लागे. प्रेक्षकांस ह्याची दाददेखील नव्हती. उजेड देणाऱ्यानें स्वतः दृष्टीआड राहावें, हा ह्या कलेचा नियम तेव्हांपासूनचा आहे.

ह्या नौकेचा घरीं जुळविण्याचा संच ए. एम. टी. ह्या कंपनीनें १९६६ सालींच काढला. सुमारें अठरा इंच लांबीच्या त्या संचाच्या पहिल्या आवृत्तींत लहानसे दिवेही होते. पोलर लाइट्स ह्या नांवानें २०१२ सालीं निघालेला संच साडेतीनशेंस एक अशा प्रमाणाचा आहे. कथेंतील नौकेची लांबी २८९ मीटर मानलेली आहे. त्या हिशेबानें ही प्रतिकृति सुमारें साडेब्याऐंशी सेंटिमीटर भरते. आतां मावळ्याचा प्रश्न येथें लावून पहावा. सहा फूट उंचीचा मनुष्य ह्या प्रमाणांत सव्वापांच मिलिमीटरांचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा होतो. दोन भाग जुळतात तेथें एक मिलिमीटर फट राहिली, तर मूळ नौकेच्या अंगास ती पस्तीस सेंटिमीटरांची भेग झाली. सडपातळ मनुष्य तींतून सहज आरपार जाईल! रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर तो साडेतीन सेंटिमीटरांचा गिलावाच म्हणावयाचा. पाहणाराचा डोळा हा हिशेब आंकड्यांत मांडीत नाहीं. पण फट दिसतांच 'हें खेळणें आहे' असा निकाल मात्र तत्काळ देऊन टाकतो.

उजेडाच्या कामांत पहिला धडा अंधाराचा आहे. संचाचें प्लॅस्टिक दिसावयास भरींव वाटतें, पण आंत दिवा लावला कीं तें विजेरीवर धरलेल्या तळहातासारखें उजळूं लागतें. म्हणून तारेस हात लावण्यापूर्वीं प्रत्येक भागास आंतून काळ्या रंगाचे दोन-तीन हात द्यावे व त्यांवर एक पांढरा हात द्यावा. काळा रंग उजेड अडवितो; पांढरा रंग तो परतवून खिडक्यांकडे लावतो. मग अंधाऱ्या खोलींत भागाच्या आंत दिवा धरून तो चोहों बाजूंनीं तपासावा, आणि टांचणीच्या टोंकाएवढी गळती दिसली तरी तेथें पुन्हां काळा रंग लावावा.

हें सर्व ठाऊक असूनही आम्ही चुकलों. आमच्या भाच्यानें व आम्हीं मिळून सुटीचे दोन महिने खपून तबकडीचें काम पुरें केलें, दोन्ही भाग चिकटविले, आणि रात्रीं खोलींतला दिवा मालवून कळ दाबली. पाहतों तों खिडक्यांबरोबर तबकडीची सबंध कड पिवळसर तेजानें पेटलेली! सांध्याच्या आंतून काळा रंग लावावयाचा राहून गेला होता. नौका दिसेना, आकाशकंदील दिसूं लागला. मुलास धीर यावा म्हणून आम्ही म्हणालों, "अरे, दिवसां कोणास दिसणार आहे?" तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दिवसां नाहीं दिसणार, मामा, पण आपण ती रात्रीं पाहण्यासाठींच केली ना?" ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें पातळ पात्यानें सांधा उकलला. एके जागीं प्लॅस्टिक तडकलें. तो तडा बुजविला, पॉलिश पेपरनें घासला, पुन्हां रंगविला. पाहुण्यांस तो दिसत नाहीं. कोठें आहे तें आम्हां दोघांस ठाऊक आहे.

आतां दिव्यांविषयीं. पूर्वींचे तारेचे बल्ब तापत, आणि बंद केलेल्या अंगांत एखादा जळाला तर बदलण्यास वाट नसे. हल्लींच्या एल. ई. डी. दिव्यांनीं ही अडचण बहुतांशीं दूर केली आहे. त्यांचें गणित शाळेंतील मुलासही येण्यासारखें आहे. नऊ व्होल्टांची बॅटरी घेतली आणि पांढऱ्या दिव्यास सुमारें तीन व्होल्ट लागतात असें धरलें, तर उरलेले सहा व्होल्ट रेझिस्टरवर खर्ची पडावयास हवेत. एक हजार ओहमांचा रेझिस्टर घातला म्हणजे सहा मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. अशा लहान दिव्यांपैकीं पुष्कळांस वीस मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोसतो. परंतु येथें तेवढा देण्याचें प्रयोजन नाहीं. कमी प्रवाहावर दिवा थंड राहतो, दीर्घकाळ टिकतो, आणि उजेड घरांतल्या दिव्यासारखा सौम्य पडतो. प्रत्येक दिव्यास स्वतंत्र रेझिस्टर द्यावा. दिव्याचा लांब पाय धन टोंकास जोडावा. सोल्डरिंग झाल्यावर सर्व दिवे एक अहोरात्र जळत ठेवून पहावे, आणि मगच अंग बंद करावें.

अगदीं बारीक खिडक्यांसाठीं ऑप्टिकल फायबरचे तंतु वापरतात. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तंतूचें एक टोंक दिव्यापाशीं व दुसरें भिंतींतील भोकांत बसवावें. बाहेर आलेला तुकडा रंगकाम पुरें झाल्यावर पृष्ठभागाशीं कापून टाकावा. मोठ्या खिडक्यांच्या मागें ट्रेसिंग पेपर लावावा, म्हणजे आंतील दिव्याचा ठिपका न दिसतां सारखा उजेड पसरतो. जहाजांच्या रिवाजाप्रमाणें ह्या नौकेसही डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा असतो. मात्र सर्वच खिडक्या उजळूं नयेत. रात्रीं एखाद्या चाळीकडे पहा: कोठें दिवा आहे, कोठें निजानीज झालेली आहे. त्या काळ्या खिडक्यांमुळेंच उजळलेल्या खिडक्यांच्या आड माणसें आहेत असें वाटतें.

रंगकामांतही हाच संयम लागतो. खिडक्या मास्किंग टेपनें झांकून प्रथम अस्तर द्यावें, मग करड्या रंगाचे अनेक पातळ हात एअरब्रशनें द्यावे, आणि प्रत्येक हात वाळूं द्यावा. एका जाड हातानें काम लवकर उरकतें, पण वर सांगितलेला गिलावा होतो. अक्षरें व पट्टे पाण्यांत भिजवून बसवावयाचे असतात. ते तकतकीत पृष्ठावर नीट बसतात, म्हणून आधीं चकचकीत व्हार्निश द्यावें व सर्व झाल्यावर बिनचकाकीचा शेवटचा हात द्यावा. हा शेवटचा हात कधींही चुकवूं नये. नाहींतर नौकेच्या अंगावर आपल्या खोलींतील पंख्याचें प्रतिबिंब पडतें, आणि मग अंतराळ कोठलें! जुनाटपणा दाखविण्याच्या हौसेनें कित्येक जण गंजाचे डागही काढतात. परंतु गंज चढण्यास हवा व ओल लागते, आणि जेथें नौका संचार करते असें मानलें आहे तेथें दोन्हींचा अभाव आहे.

जास्त रंगविण्याचा मोह तज्ज्ञांसही सुटत नाहीं. अकरा फुटी मूळ प्रतिकृति १९७४ सालीं वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या विमानविद्या-संग्रहालयास देण्यांत आली. तिची डागडुजी अनेकदां झाली. १९९१ सालच्या डागडुजींत तिच्या अंगावर चौकटींच्या ठळक रेषा व छाया काढण्यांत आल्या. काम कुशल होतें. पण मूळ नौकेवर तें नव्हतें, म्हणून जाणकारांनीं त्यास नांवें ठेविलीं. तबकडीच्या वरच्या पृष्ठाचा जुना रंग तेवढा तेव्हां हात न लागतां राहिला. पुढें २०१४ सालीं प्रतिकृति तपासणीसाठीं खालीं उतरविली गेली. १९६७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, छायाचित्रणासाठीं तिच्यांत शेवटचे फेरफार झाले त्या वेळीं, ती जशी दिसत होती तशी करावयाची, असें ठरलें. मागाहून चढलेली सजावट काढून टाकण्यांत आली, आंत एल. ई. डी. दिवे बसविण्यांत आले, आणि तबकडीवरील तो जुना रंग, त्यावरील काळाच्या खुणांसह, तसाच ठेवण्यांत आला. जुलै १९६६ च्या सुमारास जी केवळ एका मालिकेचें साहित्य होती, ती पन्नास वर्षांनीं, जुलै २०१६ मध्यें, लिंडबर्गच्या १९२७ सालच्या विमानाच्या दालनांत मांडली गेली. एक भेग लपवावयाची कीं सांधा उकलावयाचा, हा आमच्या भाच्यापुढील प्रश्न त्या विद्वानांपुढेंही निराळ्या रूपानें आलाच होता, आणि त्यांनींही उकलण्याचाच मार्ग पत्करला.

हें काम घरांत करावयाचें तर चार गोष्टी पाळल्याच पाहिजेत. थिनरची बाटली देवघरांतील समईजवळ किंवा शेगडीजवळ उघडूं नये. रंग फवारतांना खिडक्या उघड्या ठेवाव्या व योग्य मुखवटा बांधावा. पातें बोटाकडे ओढूं नये. आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हातीं कदापि लागूं देऊं नयेत; मुलानें ती गिळल्याचा नुसता संशय आला, तरी क्षणाचा विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

राहतां राहिला प्रश्न खर्चाचा व वेळेचा. परीक्षेच्या गुणांत ह्या कामाची नोंद होणार नाहीं, आणि मोठे संच स्वस्तही नाहींत. पालकांनीं लहान संचापासून व एका दिव्यापासून आरंभ करावा, आणि तोही मुलास आवड असल्यासच. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, कोणी न सांगतां स्वतःची चूक उकलून नीट करण्याची बुद्धि जेथें मुलास आपोआप होते, असे उद्योग घरांत थोडे असतात. आमच्या भाच्याची नौका गेल्या कोजागिरीस पुरी झाली. त्या रात्रीं दूध आटेपर्यंत घरांतले दिवे मालवून सर्व मंडळी तिच्याभोंवतीं बसली होती. भाच्याची आजी बराच वेळ पाहत होती. शेवटीं तिनें एका काळ्या खिडकीकडे बोट दाखवून विचारलें, "इथलीं माणसें निजलीं वाटतें?" मुलगा हंसला. आम्हांस वाटतें, त्याच्या दोन महिन्यांच्या कष्टांचें माप त्या एका प्रश्नांत त्यास पदरीं पडलें.