पालथे, उकिडवे, लवंडलेले

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याच्या कुंभार पिंपळगावाने कुंभाराचा व्यवसाय आपल्या नावातच जतन केला आहे; आणि ओले भांडे केव्हा तोंड वर करून ठेवावे व केव्हा उपडे घालावे यावर ज्या व्यवसायाची सारी भिस्त, त्याच्या सान्निध्यात मराठीची स्थितिवाचक शब्दसंपत्ती किती सूक्ष्म आहे, याची खातरजमा सहज होते. चाकासमोर कुंभार उकिडवा बसतो, म्हणजे तळवे भुईला, गुडघे वर आणि बूड अधांतरी. तेच बूड भुईला टेकून पाय ऐसपैस पसरले की ते फतकल मारणे, आणि पाय दुमडून एकमेकांत गुंतवले की मांडी घालणे. घटकाभर बसणारा नुसता टेकतो. उठण्याची इच्छा नसलेला ठाण मांडतो.

भांड्यांच्या स्थितीचा दस्तूरही असाच तपशीलवार आहे. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान अशी रचली की उतरंड. गोल बुडाची घागर डळमळू नये म्हणून तिच्याखाली चुंबळ. पाण्याचे हंडे ठेवायला घडवंची.

उत्तर अमेरिकेतील क्री लोकांच्या भाषेत एखादी वस्तू कोठे ठेवलेली आहे हे सांगतानाच ती सजीव वर्गातील की निर्जीव वर्गातील, याचा निवाडा करावा लागतो: माणसासाठी ‘अपिव’, सुरीसाठी ‘अस्तेव’, आणि किटली त्या व्याकरणात सजीव गणली जात असल्यामुळे तीही माणसासारखी ‘अपिव’, म्हणजे बसलेली असते. मराठीत अशी वर्गवारी नाही. उलट देह आणि भांडे यांना ती एकाच शब्दाने संबोधते. तान्हे मूल उताणे असते, मग कुशीवर वळते, मग पालथे पडते. घडाही पालथाच असतो, आणि त्यावर ओतलेले पाणी वाहून जाते म्हणूनच उपदेश न मानणाऱ्या माणसाला ‘पालथ्या घड्यावर पाणी’ ही म्हण लागू पडते. तेलाची बरणी लवंडते, तसाच जेवणानंतर थकलेला शेतकरीही लवंडतो. शरीराच्या अनुभवानेच वस्तू ओळखण्याची ही रीत मराठीचे खरे वैभव होय, असे मला वाटते.

परंतु शब्द व्यवहारावर जगतात. पाटाऐवजी खुर्ची, चुलीऐवजी ओटा आणि उतरंडीऐवजी कपाट आल्यावर उकिडवे बसण्याचे प्रसंगच विरळ झाले, आणि खुर्चीवरील माणसाला नुसते ‘बसला’ म्हटले की भागते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बोलीतील असंख्य शब्द दफ्तरी दाखल झाले. परंतु शब्दाबरोबर देहाची ठेवणही दाखवणारी नोंद कोशाच्या पानावर पुरी उतरत नाही. म्हणून गावोगावच्या शाळांनी वडीलधाऱ्या मंडळींना विचारून ही बसण्या-ठेवण्याची भाषा चित्रांसह टिपून घ्यावी. हे काम अल्प खर्चाचे आहे, आणि ज्यांना या स्थिती करून दाखवता येतात, ती माणसे हयात आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.