रिले ते बोर्ड: कल्याण-ठाण्यातल्या घरगुती दुरुस्तीची वीस वर्षं

२६ जुलै २००५ म्हटलं की सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनी या नद्याही पात्र सोडून बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या वस्त्यांत शिरल्या होत्या. पाणी ओसरलं तेव्हा तळमजल्यांवर चिखलात फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पिक्चर ट्यूबचे टीव्ही उभे होते. यातलं काय वाचवायचं आणि काय भंगारात द्यायचं, हे असंख्य घरांना एकाच आठवड्यात ठरवावं लागलं.

बुडालेला फ्रिज संपला, असाच बहुतेकांचा समज. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद पोलादी डब्यात असतो, त्यात पुराचं पाणी जात नाही. खराब होतात ते त्याला बाहेरून जोडलेले भाग: मोटर सुरू करणारा रिले आणि ती अडली की वीज तोडणारा ओव्हरलोड, शिवाय थर्मोस्टॅट आणि वायरिंगचे जोड. हे भाग बदलायचे, बाकीचं स्वच्छ पाण्याने धुऊन नीट वाळवायचं, मीटर लावून गळती तपासायची आणि मगच वीज द्यायची. ज्या जुन्या फ्रिजच्या भिंतींत ग्लासवूल होतं, ते मात्र पाणी पिऊन बसलं. फोम भरलेल्या फ्रिजना तुलनेने आशा होती.

दुसरा छळ भारनियमनाचा. मुंबई शहर त्यातून सुटलं होतं. महावितरणच्या हद्दीतल्या कल्याण-डोंबिवलीला ते रोजचंच होतं. कॉम्प्रेसर थांबला की आतल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच वीज परत आली तर मोटर अडते, ओव्हरलोड ‘टक’ आवाज करत पुन्हापुन्हा तुटतो आणि हे वारंवार झालं की एक दिवस वाइंडिंग जळतं. म्हणून वीज उशिराने सोडणारा स्टॅबिलायझर घराघरांत आला. चांगला मेकॅनिक तो आवाज ऐकून आधी व्होल्टेज मोजतो, मग रिले पाहतो आणि शेवटी कॉम्प्रेसरकडे वळतो. हा क्रम उलटला की काहीशे रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली, ती याच उल्हास नदीच्या पुरात. पण मधल्या चौदा वर्षांत घरातली यंत्रं बदलली होती. पिक्चर ट्यूब गेली, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आल्या, आणि त्यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड आला. चिखलाचं पाणी लागलेला बोर्ड वाळवून सुरू झाला तरी त्याच्या तांब्याच्या रेषा पुढे गंजत राहतात. आणि पूर नसतानाही, बोर्डावरचा एक लहानसा भाग जळला की अख्खा बोर्ड बदलण्याचाच सल्ला सहसा मिळतो.

औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉनचं उदाहरण इथे बोलकं आहे. तिच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीन मराठी मध्यमवर्गाच्या घरात वर्षानुवर्षं चालल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तरीही सेमी-ऑटोमॅटिकचा टायमर, बेल्ट किंवा स्पिनची मोटर बाजारातून जुळवून बसवता येते, कारण हे भाग साधे असतात. एखाद्या मॉडेलपुरता बनवलेला बोर्ड तसा जुळवता येत नाही.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये चुकीचं निदान सगळ्यात महाग पडतं. वर बर्फ होतोय, खाली मात्र दूध नासतंय, अशा वेळी ‘गॅस गेला’ हे उत्तर घाईचं असतं. फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा, सगळा बर्फ वितळू द्या. त्यानंतर काही दिवस तो नीट चालला, तर दोष बहुधा बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा, सेन्सरचा किंवा टायमरचा असतो, आणि तो भाग बदलता येतो. गॅस खरोखर गेला असेल तर वरचा कप्पाही गार राहत नाही. गळती फोमच्या भिंतीच्या आत असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. आजच्या अनेक फ्रिजमधला आर-६०० ए गॅस ज्वलनशील असतो; घरात गॅस टॉर्च पेटवून जोड लावणाऱ्याला आधी फ्रिजमागचं लेबल वाचायला लावा.

पंख्याचा हिशेब सोपा. तो मंद झाला तर बहुतेक वेळा कंडेन्सर बदलून भागतं, तो जरूर बदलावा. वाइंडिंग जळलं असेल तर विचार करावा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालणाऱ्या पंख्यावर वर्षाला दोनशेच्या जवळपास युनिट वाचतात. इथे नवा घेणंच योग्य.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळ सुरू केलं. पाऊल चांगलं आहे, पण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ठरावीक वर्षं देणं कंपन्यांना बंधनकारक व्हायला हवं. तोवर ग्राहकाने एवढं करावं: कोणता भाग गेला आणि तो कसा तपासला, हे बिलावर लिहून घ्यावं, बदललेला जुना भाग मागून घ्यावा, आणि नेमका दोष कळल्याशिवाय एक्स्चेंजच्या दुकानात जाऊ नये.